हेडलाइट घासली, पण कोट मारला का?

नमस्कार मंडळी! रात्री समोरचं अंधुक दिसायला लागलं की आपण आधी बल्बला दोष देतो, नवीन बल्ब टाकतो, तरी उजेड काही वाढत नाही. अहो, एकदा गाडीपुढे उभं राहून हेडलाइटची काच बघा ना. काच म्हणतो खरी आपण, पण ते असतं पॉलीकार्बोनेट, म्हणजे प्लास्टिक. हलकं आणि खडा लागला तरी सहसा न फुटणारं, पण उन्हातल्या अतिनील किरणांपुढे त्याचं काही चालत नाही, म्हणून कारखान्यातच त्यावर एक पातळ संरक्षक थर देतात. काही वर्षांत तो थर उन्हानं विरतो आणि काच आधी धुरकट, मग पिवळी पडते.

आधी नुसतं पाणी मारून बघा. ओली असताना काच स्वच्छ दिसली तर खराबी वरच्या वर आहे, घासून निघेल. आत दव धरलं असेल तर मात्र कितीही घासा, उपयोग नाही, तिथे सील नाहीतर हवेचं छिद्र बघावं लागतं.

मी पहिल्यांदा टूथपेस्टनं घासलं होतं, संध्याकाळपर्यंत काच चकाचक, मला केवढा आनंद! काही महिन्यांत परत तीच पिवळी. कारण उरलासुरला थरही मीच काढून टाकला होता आणि वर नवीन काहीच दिलं नव्हतं.

तर नीट करायचं असेल तर आजूबाजूच्या रंगावर मास्किंग टेप लावा, मग 800 किंवा 1000 नंबरचा वॉटर पेपर (ओला करून घासायचा सँडपेपर), भरपूर पाणी, आणि घासत राहा. सुरुवातीला पिवळसर दुधासारखं पाणी ओघळतं, तो जुना थर निघतोय. ते पाणी पांढरं व्हायला लागेपर्यंत हा पेपर सोडू नका, मग आणखी बारीक म्हणजे 1500, 2000, 3000, दर वेळी घासायची दिशा बदलून, म्हणजे आधीच्या पेपरचे ओरखडे राहिलेत का ते कळतं. मधे एकदा काच आधीपेक्षा वाईट, पार दुधी दिसेल, तिथे खरंच घाबरू नका, शेवटी कंपाऊंड (पॉलिश करायची पेस्ट) मारलं की खुलते. मशीननं पॉलिश करत असाल तर एका जागी थांबू नका, प्लास्टिक तापून खराब होतं.

आणि इथे बहुतेक जण थांबतात, दिसायला छान झालं ना, बास! नाही हो, आता तर ती काच उघडी पडलीय. अल्कोहोलनं पुसून, हात न लावता, त्याच दिवशी यूव्ही क्लिअर कोट, म्हणजे अतिनील किरणांपासून वाचवणारा पारदर्शक थर, द्या. टू-के कोट (हार्डनर मिसळून मारायचा, दोन भागांचा) सगळ्यात टिकाऊ, पण त्यात आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, फवारताना फुफ्फुसांना घातक, साधा मास्क पुरत नाही, म्हणून तो पेंटरकडूनच मारून घ्या. घरी करायचं तर पुसून लावायचा कोट मिळतो. तो तितका टिकत नाही, पुन्हा द्यावा लागतो, पण द्या. आणि दोन्ही दिवे एकाच वेळी करा, एक स्वच्छ नि एक पिवळा असला की रस्त्याची एक बाजू अंधारातच राहते.