माचू पिच्चूची माणसं

(दृश्य: धुकं. त्यातून हळूहळू दिसू लागणाऱ्या दगडी भिंती.)

पेरू देश. समुद्रसपाटीपासून 2,430 मीटर उंचीवर, इंका सम्राट पाचाकुतीचा हा महाल. राजा इथे अधूनमधून यायचा. एरवी इथल्या चुली कोण पेटवायचं? धातूच्या वस्तू कोण घडवायचं?

ती माणसं सापडली, पण महालात नाही. बाहेरच्या उतारावर, मोठ्या शिळांखालच्या कपारींत त्यांना पुरलेलं होतं. 1912 साली अमेरिकी संशोधक हायरम बिंगहॅमच्या पथकाने त्यांच्या अस्थी अमेरिकेत, येल विद्यापीठात नेल्या. पेरूने हट्टाने मागणी लावून धरली, तेव्हा कुठे शंभरेक वर्षांनी त्या कुस्कोला, इंकांच्या जुन्या राजधानीत, परतल्या.

इंकांना लिपी नव्हती. स्पॅनिश बखरकारांनी मात्र एक शब्द टिपून ठेवला: यानाकोना. जिंकलेल्या मुलखातून आणून राजाच्या चाकरीला जन्मभर जुंपलेले पुरुष. त्यांचा 'आयलू', म्हणजे आपण जिला भावकी म्हणतो ती, कायमची सुटायची.

(दृश्य: प्रयोगशाळा. हातमोजे घातलेली बोटं, त्यांत एक दात.)

अशा दातातून बारीक ड्रिलने चिमूटभर भुकटी काढतात. तिच्यात डीएनए असतो, पण पार तुकडे झालेला. शतकं उलटली की त्या तुकड्यांच्या टोकांची रासायनिक अक्षरं ठरावीक तऱ्हेने बदलतात. ही झीजच साक्ष देते, की हा डीएनए दात हाताळणाऱ्या संशोधकाचा नाही, त्या मेलेल्या माणसाचाच आहे.

2023 मध्ये माचू पिच्चूच्या 34 जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तुलनेला कुस्कोचे आणखी 34 जण होते. कुणाचे पूर्वज किनारपट्टीचे निघाले, कुणाचे दूरच्या डोंगरांतले, तर कुणाचे थेट अॅमेझॉनच्या जंगलातले. डीएनए पूर्वज सांगतो. बालपण कुठे गेलं ते दातांच्या एनॅमलमधलं स्ट्रॉन्शियम, म्हणजे लहानपणी त्या मुलखाच्या अन्नपाण्यातून दातांत उतरलेलं मूलद्रव्य, सांगतं. तेही वेगवेगळ्या मुलखांकडेच बोट दाखवतं.

वेगवेगळ्या रक्ताच्या या माणसांनी इथे संसार थाटले, त्यांना मुलं झाली. मेल्यावर त्यांना मुलखाप्रमाणे वेगळं काढलं नाही, एकत्रच पुरलं.

पण मन अडकतं ते एका आकड्यात. तपासलेल्या 34 जणांत अगदी सख्ख्या नात्याची जोडी एकच सापडली.

(दृश्य: कपारीचं तोंड. आत अंधार.)

आई आणि तिची लेक.