ॲम्पचा आवाज आणि ॲम्पचं आयुष्य

नमस्कार. गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या व्हॉल्व्ह ॲम्पबद्दल, म्हणजे काचेच्या नळ्यांवर (व्हॉल्व्हवर) चालणाऱ्या ॲम्पबद्दल, मला सगळ्यात जास्त वेळा एकच प्रश्न विचारतात: जुना नावाजलेला ॲम्प घ्यावा, की आजच्या एखाद्या कारागिराने हाताने बांधलेला बुटीक ॲम्प? विचारणाऱ्याच्या मनात असतो तो आवाज. टिकाऊपणाची चौकशी होते ती उठता उठता, दारात. मी हे ॲम्प वाजवतोही आणि दुरुस्तही करतो. माझं म्हणणं असं, की या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत. ज्यामुळे ॲम्प गोड बोलतो, त्यामुळेच तो बऱ्याचदा लवकर थकतो.

फेंडर या अमेरिकन कंपनीच्या बॅसमन या ॲम्पपासून सुरुवात करू. त्याचं 5एफ6-ए हे सर्किट 1958 ते 1960 या काळातलं. बनवला बास गिटारसाठी, उचलून धरला गिटारवाल्यांनी. दहा इंची चार स्पीकर आणि मागून उघडी पेटी. पुढे 1962 च्या सुमारास लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी हेच सर्किट जवळजवळ जसंच्या तसं घेऊन जेटीएम45 उभा केला. फरक थोडेच होते. पहिल्या जागी 12एवाय7 ऐवजी ईसीसी83 हा व्हॉल्व्ह आला, त्याची आवाज वाढवण्याची ताकद दुपटीहून जास्त. पेटी मागून बंद झाली आणि तिच्यात सेलेस्टियनचे बारा इंची चार स्पीकर बसले. ट्रान्सफॉर्मर वेगळे. कागदावर एकच सर्किट, पण कानाला दोन निराळे ॲम्प! बॅसमन फाटतो, म्हणजे जोर वाढल्यावर त्याचा स्वच्छ आवाज विस्कटतो, तेव्हा सुराभोवती हवा राहते, जेटीएम45 फाटतो तेव्हा मधल्या सुरांचा पट्टा दाटून पुढे येतो. म्हणून ‘अमक्या ॲम्पचं हुबेहूब सर्किट’ अशी जाहिरात दिसली, की मी आधी ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर कुठले ते विचारतो.

आता व्हॉक्स या ब्रिटिश कंपनीचा एसी30. माझ्या मते आवाज आणि आयुष्य यांचं नातं इथे सगळ्यात उघड दिसतं. बहुतेक मोठ्या ॲम्पमध्ये शेवटच्या टप्प्यातला थोडा आवाज उलटा करून मागे देतात. त्याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. त्याने आवाज स्वच्छ राहतो, फाटणं उशिरा सुरू होतं, मात्र सुरू झालं की एका फटक्यात होतं. एसी30 मध्ये तो दिलेलाच नाही. त्यामुळे तो हळूहळू फाटत जातो, बोटाचा जोर जितका वाढेल तितका. हलक्या हाताने छेडा, काचेसारखा स्वच्छ. जरा रागाने छेडा, गुरगुरतो. वाजवणाऱ्याला हे मिळालं की तो दुसऱ्या ॲम्पकडे बघत नाही, आणि मला ते पूर्ण समजतं.

पण त्याची किंमत कोण मोजतं? त्यातले चार ईएल84 व्हॉल्व्ह. या व्हॉल्व्हची प्लेट (आतला धातूचा पत्रा) 12 वॅट उष्णता झेलू शकते, असं बनवणाऱ्यांनीच ठरवून दिलेलं आहे. एसी30 मध्ये तो गप्प बसलेला असतानाही त्या मर्यादेला टेकलेला असतो, पुष्कळदा ती ओलांडूनही जातो. शिवाय सगळी धग पेटीच्या वरच्या भागात कोंडलेली. व्हॉल्व्ह लवकर संपतात आणि शेजारचे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) भाजून सुकतात. हा ॲम्प वरचेवर दुरुस्तीला येतो तो त्याच्या स्वभावामुळे. बनवणाऱ्यांनी हयगय केली म्हणून नव्हे.

बुटीक ॲम्पची चांगली बाजू सांगायची, तर याच एसी30 चा धागा पुढे न्यावा लागतो. 1989 मध्ये मॅचलेस ही कंपनी सुरू झाली. त्यांच्या डीसी-30 मागचा विचार सरळ होता: तोच आवाज, पण दौऱ्यावरचा रोजचा मारा सोसणारा. भरभक्कम ट्रान्सफॉर्मर, जाड चॅसी (धातूची बैठक), आणि एका सुट्या भागाचा पाय दुसऱ्याला थेट जोडलेला, मध्ये बोर्ड नाही. इथे एक गैरसमज दूर करतो. ‘हाताने जोडलेला’ आणि ‘पॉइंट टू पॉइंट’ (मॅचलेससारखा, बोर्डाविना) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुने फेंडर हाताने जोडलेलेच आहेत, पण त्यांचे भाग फायबरच्या बोर्डावर बसवलेले असतात. हा बोर्ड वर्षानुवर्षं दमट हवेत राहिला की ओल धरतो, त्यातून नको तिथे वीज झिरपायला लागते आणि ॲम्प खरखरतो. मॅचलेसच्या पद्धतीत हा आजार उद्भवतच नाही.

छापील सर्किट बोर्ड म्हटलं की नाक मुरडणारेही भेटतात. मला ते पटत नाही. जाड, नीट आखलेला छापील बोर्ड वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही. घात होतो तो गरम व्हॉल्व्हचे सॉकेट पातळ बोर्डावरच सोल्डर केले की. रोज तापायचं, रोज निवायचं, सांधे तडकणारच.

केन फिशर आणि अलेक्झांडर डंबल ही दोन नावं या क्षेत्रात आदराने घेतली जातात. फिशर आधी ॲम्पेगमध्ये होते, नंतर त्यांनी ट्रेनरेक नावाने ॲम्प बांधले आणि अनुक्रमांकाऐवजी एकेका ॲम्पला बाईचं नाव दिलं. त्यांच्या एक्स्प्रेस या ॲम्पमध्ये भाग इतके कमी, की लपायला जागाच नाही. गिटारवरचा व्हॉल्यूम किंचित उतरवला की फाटका आवाज क्षणात निवळतो. डंबल वाजवणाऱ्याचा हात ऐकून त्याच्यापुरता ॲम्प घडवत. आपल्या सर्किटवर ते बऱ्याचदा इपॉक्सीचा थर ओतत, नक्कल होऊ नये म्हणून. फिशर 2006 मध्ये गेले, डंबल 2022 मध्ये. त्यांच्या ॲम्पवर माझं मनापासून प्रेम आहे. पण इपॉक्सीखालचा एखादा भाग उद्या गेला, तर दुरुस्त करणाऱ्याने काय करायचं, हा प्रश्न मला छळतो.

कारण ही वेळ माझ्यावर आलेली आहे. दोन वर्षं पैसे साठवून मी एका कारागिराकडून ॲम्प घेतला होता. आवाज असा, की एक तार छेडून नुसतं ऐकत बसावं. तिसऱ्या वर्षी ऐन तालमीत तो मुका झाला. कारागिराने तोवर काम बंद केलं होतं. सर्किटचा कागद नाही, काही भागांवरचे आकडे खरवडून काढलेले. सर्किट उलगडून कागदावर उतरवायला मला अकरा संध्याकाळी लागल्या. शेवटी काय निघालं? पॉवर व्हॉल्व्हच्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या व्हॉल्व्हच्या, स्क्रीनला (आतल्या जाळीला) जोडलेला एक रेझिस्टर (विजेला अडवणारा भाग) जळला होता. सर्किट समोर असतं तर दहा मिनिटांचं काम.

त्याच महिन्यात फेंडरचा साठच्या दशकातला एक डिलक्स रिव्हर्ब ॲम्प माझ्याकडे आला. तक्रार खरखरीची. पेटीच्या आत व्हॉल्व्हचा तक्ता चिकटवलेला होता. सर्किट तर जगजाहीर, एबी763. ॲम्प चालू ठेवून मी एका सुक्या लाकडी काडीने एकेका भागाला टिचकी मारत गेलो. टक, टक, काही नाही. एका प्लेट रेझिस्टरला काडी लागली आणि स्पीकरमधून चणे फुटल्यासारखा आवाज आला. जुने कार्बनचे रेझिस्टर असेच बिघडतात. नवा बसवला आणि ॲम्प शांत झाला.

म्हणून टिकाऊ कशाला म्हणायचं, हे माझ्यापुरतं ठरलेलं आहे. न बिघडणारा व्हॉल्व्ह ॲम्प मी पाहिलेला नाही. बिघडल्यावर कुणाही जाणत्या माणसाच्या हातून उठून उभा राहतो, तो टिकाऊ. या कसोटीला जुने फेंडर आणि मार्शल उत्तम उतरतात, आणि सर्किट मोकळेपणाने देणारे बुटीक कारागीरही उतरतात.

अर्थात जुना ॲम्प घेतला की त्याचं वयही घरी येतं. वीज साठवणारे मोठे कपॅसिटर साधारण 15-20 वर्षांत सुकतात, मग घरघर सुरू होते आणि खालचे सूर ढिले पडतात. दोन टप्प्यांमधला कपॅसिटर गळायला लागला, तर पॉवर व्हॉल्व्हची प्लेट लालबुंद होते. तसं दिसलं की ॲम्प ताबडतोब बंद करा, ट्रान्सफॉर्मर वाचेल. पूर्वी भागांवर लिहिलेल्या आणि प्रत्यक्ष मापात 20 टक्क्यांपर्यंत फरक चालायचा. त्यामुळे एकाच वर्षाचे दोन सारखे ॲम्पही सारखे बोलत नाहीत. ‘1964 चा आहे’ एवढ्यावर व्यवहार करू नका. समोर आहे तो ॲम्प ऐका.

ऐकताना घाई नको. तासभर चालू ठेवा, कारण पुष्कळ दुखणी गरम झाल्यावरच बोलतात. एक सूर छेडून तो पार विरेपर्यंत कान द्या. शेवटी चरचर आली तर कारण विचारा. गिटारचा व्हॉल्यूम निम्म्यावर आणून पाहा. मग ॲम्प बंद करून मालकाला मागची फळी काढायला सांगा. आत हात मुळीच घालू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये 400 व्होल्टहून जास्त वीज दबा धरून असू शकते. टॉर्च मारून बघायचं ते एवढंच: कपॅसिटर फुगलेत का, सॉकेटभोवती काळं पडलंय का, मुख्य वायर तीन पिनांची आणि अर्थिंग केलेली आहे का, आणि सर्किटचा कागद मिळेल का.