काळी पट्टी

(इन्क्युबेटरचं दार उघडतं. चपटी बाटली, आत गुलाबी द्रव.)

आत ३७ अंश. या गुलाबी द्रवात तरंगताहेत के-५६२ पेशी. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यात असलेल्या ५३ वर्षांच्या एका बाईंच्या छातीतल्या पाण्यातून त्या काढल्या होत्या. १९७५ साली त्यांची नोंद प्रसिद्ध झाली. त्या बाईंचे उपकार आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत.

(याच कर्करोगाच्या एका रुग्णाच्या गुणसूत्रांचा फोटो. कॅमेरा २२ क्रमांकावर.)

हे बघा, जोडीतलं एक आखूड. १९६० मध्ये फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना ते दिसलं. तुकडा गेला कुठे? उत्तराला तेरा वर्षं लागली. शिकागोच्या जॅनेट राउली घरी जेवणाच्या टेबलावर फोटोतली गुणसूत्रं कात्रीनं कापून जोड्या लावत बसायच्या. मुलं म्हणायची, आई कागदी बाहुल्या खेळतेय. तुकडा सापडला नवव्या गुणसूत्रावर, आणि नवव्याचा तुकडा बाविसाव्यावर. हाती होती कात्री, आणि नजर. विज्ञान असंही पुढे जातं, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं.

सांध्यावर दोन जनुकं जुळून बीसीआर-एबीएल हे प्रथिन बनतं. त्याचं काम एकच: एटीपी या पेशीच्या इंधनरेणूमधला फॉस्फेट उचलायचा आणि दुसऱ्या प्रथिनावर चिकटवायचा. निरोगी पेशीतलं एबीएल निरोप आला की चालू होतं, काम झालं की थांबतं. इथे थांबणंच नाही.

(सूक्ष्मदर्शकाखाली लाल ठिपके.)

लाल दिसते ती साठवलेली चरबी. बीसीआर-एबीएलचा निरोप पीआय-३ कायनेज या एन्झाइमपर्यंत जातो. ते पेशीच्या आवरणातल्या एका मेदरेणूवरच फॉस्फेट चढवतं. तिथे एकेटी हे प्रथिन येऊन बसतं, जागं होतं. पुढे एमटॉर, मग एसआरईबीपी ही प्रथिनं जागी होतात, आणि मेद बनवणारी एन्झाइम्स कामाला लागतात. एका पेशीच्या दोन व्हायच्या तर आवरणही दोघींना पुरायला हवं, आणि ते मुख्यतः मेदाचं असतं.

(अंधारी खोली. वेस्टर्न ब्लॉट या प्रथिनं ओळखण्याच्या चाचणीची फिल्म.)

डावीकडे गडद काळ्या पट्ट्या: फॉस्फेट चढलेली प्रथिनं. उजवीकडे त्याच पेशी, रात्रभर इमॅटिनिब या बीसीआर-एबीएलला रोखणाऱ्या औषधात ठेवलेल्या. पट्ट्या फिकट.

हे औषध अमेरिकेत २००१ मध्ये मंजूर झालं. २०१३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या पेटंटचा दावा फेटाळला.

(हात फिल्मच्या कोपऱ्यात मार्करनं तारीख लिहितो.)