थकलेल्या माणसाला डाएट चार्ट देऊ नका

नमस्कार मंडळी. विषय तसा भला मोठा दिलाय, व्यायाम, खाणं आणि ताणतणाव, आणि या तिन्हींवर तीन वेगळी व्याख्यानं सहज होतील. पण मला आज तेच करायचं नाहीये. कारण तीन वेगळ्या गोष्टी म्हणून ऐकलं की माणूस तीन वेगळे संकल्प करतो, सोमवारपासून जिम, सोमवारपासून गोड बंद, सोमवारपासून पहाटे उठून ध्यान, आणि गुरुवार येईतो तिन्ही सुटलेले असतात, मग तो म्हणतो माझ्यात दमच नाही. दम असतो हो, क्रम चुकलेला असतो. झोप न झालेल्या, दिवसभर ताणात असलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी खाण्याचे नियम देऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. आधी त्याची झोप आणि हालचाल सावरू द्या, खाणं त्यामागोमाग बरंचसं सावरतं.

का म्हणतो तसं, ते सांगतो. भूक ही काही फक्त पोट रिकामं असण्याची गोष्ट नाही. चरबीच्या पेशींमधून लेप्टिन नावाचं हार्मोन येतं, ते मेंदूला सांगतं की पुरे, साठा आहे. जठरातून घ्रेलिन येतं, ते म्हणतं खा. 2004 साली शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी 12 निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं आणि वेगळ्या वेळी दोन रात्री दहा-दहा तास. कमी झोपेनंतर लेप्टिन 18 टक्के कमी आणि घ्रेलिन 28 टक्के जास्त, आणि भूक वाढली ती कशाची, तर गोड, खारट, पिठूळ पदार्थांची जास्त. माणसं 12 च होती, छोटा अभ्यास आहे, त्यावर सगळा डोलारा उभा करू नका, पण ज्यांनी रात्र जागून काढलीय त्यांना हे वाचायचीही गरज नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी हात कुठल्या डब्याकडे जातो ते त्यांना पक्कं माहीत असतं. आणि आपण त्यालाच म्हणतो जिभेवर ताबा नाही! ताबा कसला, रात्रीच गणित बिघडलेलं असतं.

आता ताण. धोका दिसला की शरीर लढायची नाहीतर पळायची तयारी करतं, वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने शंभरएक वर्षांपूर्वी हे मांडलं, मग 1936 मध्ये हान्स सेल्ये यांनी दाखवलं की त्रास कुठल्याही प्रकारचा असो, शरीराचा प्रतिसाद बराचसा एकसारखा असतो. अॅड्रेनालिन नावाचं हार्मोन सुटतं, मागून कॉर्टिसॉल हे दुसरं हार्मोन येतं, हृदय जोरात चालतं, बीपी चढतं, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. ही साखर कोणासाठी? पळणाऱ्या पायांसाठी. आणि आपण काय करतो, तर खुर्चीत बसून तो मेल परत एकदा वाचतो. शरीराने पळायची सगळी तयारी करून दिली आणि पाय हललेच नाहीत, असं दिवसातून चारदा, महिनोन् महिने. म्हणून मला ताणावरचा पहिला उपाय विचारला तर मी डोळे मिटा म्हणत नाही, मी म्हणतो उठा आणि चाला.

चालण्याने नेमकं काय होतं ते जरा सविस्तर सांगतो कारण हे कळलं की कंटाळा निम्मा कमी होतो. एरवी रक्तातली साखर स्नायूच्या पेशीत जायला इन्सुलिन लागतं. पण स्नायू आखडतो-सैलावतो तेव्हा पेशीच्या आतले साखर ओढून घेणारे वाहक इन्सुलिनची वाट न बघता पृष्ठभागावर येतात. म्हणजे ज्याचं इन्सुलिन नीट काम करत नाही त्याच्याही पायांचे स्नायू चालताना साखर उचलतात. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं साधं चाललं तरी जेवणानंतरची शुगर कमी चढते ती यामुळे. यासाठी बूट नकोत, मशीन नको, फी नको.

दहा हजार पावलं झालीच पाहिजेत का, हा प्रश्न मला प्रत्येक ठिकाणी विचारतात. हा आकडा कुठून आला माहितीय? 1965 साली जपानमध्ये एक पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती, तो जाहिरातीचा आकडा, वैद्यकशास्त्राचा नाही. 2019 मध्ये अमेरिकेतल्या वयस्क स्त्रियांचा मोठा अभ्यास आला, सरासरी वय 72, त्यात रोज साधारण 2,700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4,400 च्या आसपास चालणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि 7,500 च्या पुढे फायदा फारसा वाढला नाही. म्हणजे जो आज अजिबात चालत नाही त्याची पहिली दोन हजार पावलं सगळ्यात मोलाची. हे मी मुद्दाम मोठ्याने सांगतो कारण दहा हजार होत नाहीत म्हणून शून्यावर राहिलेली खूप माणसं मी बघतो आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं की आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम हालचाल, किंवा 75 ते 150 मिनिटं जोरदार, आणि आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद लावायला लागेल असं काहीतरी. मध्यम म्हणजे किती, तर बोलता येतं पण गाता येत नाही एवढा दम लागला पाहिजे, एवढीच परीक्षा. पूर्वी सलग दहा मिनिटं तरी हवीत अशी अट होती, 2020 मध्ये ती काढून टाकली, त्यामुळे तीन मिनिटं जिना चढलात तेही खात्यात जमा. 1953 मध्ये जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या डबलडेकर बसवर काम करणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता, दिवसभर बसून असलेल्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी. नंतर त्यांनीच गणवेशांची मापं तपासली तेव्हा ड्रायव्हर आधीपासूनच जाड होते असंही दिसलं, म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नाही, पण टपाल खात्यात चालत टपाल वाटणारे आणि टेबलाशी बसून काम करणारे यांच्यातही तसाच फरक होता.

ताकदीचा व्यायाम मात्र लोक टाळतातच, विशेषतः चाळिशीनंतर. स्नायू दर दशकात थोडे थोडे कमी होत जातात, उतारवयात जास्त वेगाने, आणि म्हातारपणी पडणं, खुर्चीतून उठता न येणं हे तिथूनच सुरू होतं. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून पुशअप, सुरुवातीला एवढं पुरतं.

खाण्याबद्दल मी थोडंच बोलणार आहे, कारण त्याबद्दल सगळे इतकं बोलतात की माणूस घास उचलताना घाबरायला लागलाय. एकच अभ्यास सांगतो. 2019 मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या केव्हिन हॉल यांच्या गटाने 20 जणांना महिनाभर तिथेच ठेवलं, दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं पाकिटबंद खाणं, दोन आठवडे साधं कमी प्रक्रियेचं. ताटात वाढलेल्या कॅलरी, साखर, चरबी, तंतू म्हणजे फायबर सारखेच ठेवले आणि सांगितलं हवं तेवढं खा. पाकिटाच्या दोन आठवड्यांत माणसं रोज 500 च्या आसपास कॅलरी जास्त खाऊन गेली, वजनही साधारण एक किलोने वाढलं, आणि खात होती जास्त भराभर. हीच माणसं, हीच इच्छाशक्ती! समोर काय ठेवलंय तेवढं बदललं. म्हणून मनाशी कुस्ती खेळण्यापेक्षा ते पाकीट घरात हाताशी ठेवू नका, भाज्या, फळं, डाळी हाताशी ठेवा, मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत म्हणजे चहाच्या सपाट चमच्यापेक्षा जरा कमीच, आणि जरा सावकाश खा.

श्वासाचा उपाय मी विसरलेलो नाही. मिनिटाला सहाएक श्वास, सोडताना जरा लांब, पाच मिनिटं केलं तर हृदयाची गती निवते, शांत करणारी जी व्हेगस नस आहे तिचं काम वाढतं. भांडणाआधी, परीक्षेआधी, झोपण्याआधी हे उपयोगी आहे. पण ताणाचं मूळ जर कर्ज असेल, त्रास देणारा साहेब असेल, घरात आजारी माणसाचं सगळं एकट्यावर पडलेलं असेल तर कितीही श्वास घेतले तरी ते मूळ जात नाही, तिथे कोणाशी तरी बोलावं लागतं, काम वाटून घ्यावं लागतं, आणि घरच्यांनीही त्याला नुसतं मेडिटेशन कर म्हणून मोकळं होऊ नये. हे मी घरच्यांना हात जोडून सांगतो.

सवय कधी लागते? 21 दिवसांचं जे सांगतात ते सोडून द्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या अभ्यासात सरासरी 66 दिवस निघाले, पण कोणाला 18 तर कोणाला 254 इतका फरक, आणि मधे एखादा दिवस चुकला म्हणून काही बिघडलं नाही. तेव्हा उठण्याची वेळ ठरवा, सुट्टीच्या दिवशीही तीच, दुपारनंतर कॉफी नको कारण तिच्यातलं निम्मं कॅफिन पाचेक तासांनीही अंगात असतं, आणि जेवणानंतर चाला. पहिले दोन महिने एवढंच, वजनकाट्यावर चढूसुद्धा नका.

आणि एक, हे सगळं करून, सात-आठ तास झोपूनही सकाळी अंग मोडूनच येत असेल तर त्याला आळस म्हणू नका, रक्त कमी आहे का, थायरॉईड, शुगर हे तपासून घ्या, जोरात घोरत असाल आणि मधेच श्वास अडकतो असं शेजारी झोपणारं माणूस सांगत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. चालताना छातीत दाब आला, दुखणं जबड्यात किंवा हातात उतरलं तर तिथेच थांबा आणि लगेच हॉस्पिटल गाठा. आणि दोन आठवडे झाले तरी कशातच मन लागत नाही, किंवा जगणंच नको असं कधीही वाटलं तर ते चालून जाईल म्हणून थांबू नका, त्याच दिवशी कोणाला तरी सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, त्यावर चांगले उपचार आहेत आणि त्यांनी माणसं बरी होतात.