तेल्याचं पोस्टर

[दृश्य: छपाई यंत्र, रोलवर उतरणारं चित्र]

यंत्राचं हेड डावीकडून उजवीकडे जातं, परत येतं, आणि दर फेरीला बोटभर डाळिंब छापून टाकतं. सोलापुरातलं हे फ्लेक्सचं दुकान. वाढदिवस, गड्ड्याची यात्रा, निवडणुका... इथे वर्षभर चेहरेच छापले जातात. आज रोलवर आलंय ते साल तडकलेलं, रोगट फळ.

अभियांत्रिकीच्या संगणक शाखेच्या शेवटच्या वर्षातल्या मुलींच्या संशोधनाचं हे पोस्टर, कॉलेजच्या प्रदर्शनासाठी. मोबाइलवर पानाचा फोटो काढायचा. तेल्या आहे की नाही, ते प्रोग्रामने सांगायचं. तेल्या हा डाळिंबावरचा रोग, झँथोमोनास जिवाणूमुळे येतो. पानावर आधी तेलकट ठिपका, मग तो काळवंडतो, भोवती पिवळं वलय. सांगोल्याच्या बागायतदाराला हे शिकवावं लागत नाही. सोलापूरजवळच्या केगावला 2005 पासून या एकाच फळाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. पण प्रदर्शनात पोस्टरपुढे येणार स्थापत्यचे प्राध्यापक, विद्युत शाखेची मुलं, टॉवेल कारखान्यातले इंजिनिअर. आपापल्या कामात सगळे पक्के, इथे नवखे.

[दृश्य: संगणकाचा पडदा, पहिली फाइल]

पेनड्राइव्हमधून आधी हे आलं होतं. अख्खा प्रोजेक्ट रिपोर्ट चार रकान्यांत कोंबलेला. न्यूरल नेटवर्कच्या, म्हणजे फोटो ओळखणाऱ्या प्रोग्रामच्या, थरांचा तक्ता, संदर्भांची यादी, वर तीन ओळींचं शीर्षक. दुकानातल्या ऑपरेटरने पडदा खाली-वर केला आणि विचारलं, "मॅडम, एवढं कोण वाचालंय? हे कशाचं हाय, ते सांगा आधी."

आमच्या मते पोस्टरची खरी रचना या प्रश्नापासून सुरू झाली. मार्गदर्शकांना विषय पाठ असतो, त्यांच्या तोंडून तो येणं कठीण.

थरांचा तक्ता गेला, यादीच्या जागी क्यूआर कोड आला. शीर्षक एका ओळीत, त्यातच निष्कर्ष: 'पानाच्या फोटोवरून तेल्या ओळखता येतो'. मुख्य निष्कर्ष मधोमध, मोठ्या अक्षरांत, साध्या भाषेत ही मांडणी माइक मॉरिसन या अमेरिकी संशोधकाने 2019 मध्ये लोकप्रिय केली. मुलींनी त्यात स्वतःची भर घातली: प्रोग्राम जिथे फसला ते फोटोही लावले. बुरशीचा साधा ठिपका, आणि उत्तर आलं तेल्या. एवढी हिंमत मोठ्या परिषदांतही क्वचितच दिसते.

आलेखातले लाल-हिरवे स्तंभ निळे-नारिंगी झाले, कारण काही जणांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही. कागद ए झिरो, म्हणजे 841 बाय 1189 मिलिमीटर. मजकूर 24 पॉइंटच्या खाली नाही. देवनागरीला वर-खाली मात्रा-उकार असतात, म्हणून ओळींमध्ये जास्त मोकळी जागा.

[दृश्य: ऑपरेटरचे हात, पडद्यावर मोठी अक्षरं]

आता हे बघा. युनिकोडमधला मजकूर कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत चिकटवला की 'जिवाणू'ची वेलांटी सुटून भलत्याच अक्षराला जाऊन बसते, जोडाक्षरं फुटतात. त्यावर दुकानाचा उपाय: मजकूर दुसरीकडे नीट बसवायचा, अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे नुसत्या रेषा, करायचे, मग इथे आणायचा. एकदा कर्व्ह झाले की अक्षर चित्र होतं, दुरुस्ती होत नाही. म्हणून आधी मोठ्याने वाचन. एकीने वाचायचं, दुसरीने पडद्यावर बोट ठेवायचं, आणि ऑपरेटरने मध्येच थांबवायचं: "हे वाक्य परत एकदा."

रंगाचंही तसंच. पडद्यावरचा झगझगीत हिरवा शाईत मळतो. वीतभर प्रूफ, म्हणजे नमुना, काढलं, तेव्हा पिवळं वलय पानातच मिसळून गेलेलं. संशोधनाचा पुरावाच तो! हिरवा उतरवला, पुन्हा प्रूफ. मग मोठी छपाई.

[दृश्य: प्रदर्शनाचं दालन]

बक्षीस दुसऱ्या गटाला गेलं. ठिपक्यांच्या फसलेल्या फोटोंपाशी थांबलेले हे गृहस्थ टॉवेल कारखान्यातले. कापडातला तुटलेला धागा असाच पकडता येईल का, असं ते विचारतायत. मुलींनी त्यांचा नंबर घेतलाय.