कळ दाबली जाते, पोचत नाही

(दृश्य : उचललेला माऊस, तळाशी लाल दिवा. हात माऊस फिरवतो. स्क्रीनवरचा बाण हलत नाही.)

माऊसखालचा हा लाल दिवा बघा. चालू आहे. वीज येतेय, वायर शाबूत आहे, माऊस धडधाकट आहे. तरी स्क्रीनवरचा बाण एकाच जागी खिळून बसलाय. आता नम लॉकची कळ. एकदा, दोनदा, तीनदा. एरवी दर वेळी लागणारा-विझणारा कोपऱ्यातला दिवा ढिम्म आहे.

या संगणकात आम्ही मुद्दाम कीबोर्ड आणि माऊस अडवणारा एक लहानसा प्रोग्रॅम सोडलाय. संगणक चाचणीसाठीचा, इंटरनेटपासून तोडलेला. खऱ्या हल्ल्यात माणूस आधी वायर काढून पुन्हा लावतो, मग कळा जोरजोरात दाबतो, आणि हात टेकले की स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचायला लागतो. चोराला त्याला इथपर्यंतच आणायचं असतं.

(दृश्य : उघडलेला कीबोर्ड. एक कळ, अगदी जवळून, संथ गतीत.)

ही ‘ए’ची कळ. ती खाली गेली, रबराची टोपी दबली, तिच्याखालचे दोन पातळ थर एकमेकांना टेकले. कीबोर्डमधल्या चिपने ते टिपलं. विंडोजपर्यंत अक्षर जात नाही, आकडा जातो. जुन्या आयबीएम पीसीपासून विंडोजच्या हिशेबात ‘ए’चा आकडा आहे ३०. बोट उचललं की १५८. म्हणजे तीसमध्ये १२८ मिळवायचे, की संगणकाला कळतं कळ सुटली. हा आकडा विंडोज घेतं आणि समोर उघड्या असलेल्या प्रोग्रॅमकडे पोचवतं.

सगळी भानगड या पोचवण्याच्या वाटेवर होते. तिथे विंडोजने एक सोय ठेवलीय, तिला हूक म्हणतात. एखादा प्रोग्रॅम वाटेत उभा राहून प्रत्येक कळ आधी बघू शकतो आणि सांगू शकतो, ‘ही मी घेतली, पुढे पाठवू नका.’ सोय गरजेची आहे. शॉर्टकट चालवणारे प्रोग्रॅम, दिव्यांग व्यक्तींना मदत करणारी साधनं तिच्यावरच चालतात. मालवेअर, म्हणजे नुकसान करायला लिहिलेला प्रोग्रॅम, तिथेच उभं राहतं आणि प्रत्येक कळेला, माऊसच्या प्रत्येक हालचालीला हेच उत्तर देतं. नम लॉकचा दिवा म्हणूनच बदलला नाही.

दुसरा रस्ता याहून सरळ. ब्लॉकइनपुट नावाची एक आज्ञा आहे. एका ओळीत कीबोर्ड आणि माऊस, दोन्ही गप्प. तिला ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार लागतो, आणि तो पुष्कळदा आपणच देऊन बसतो. कुठलंसं फुकटचं सॉफ्टवेअर बसवताना समोर खिडकी येते, आपण न वाचता ‘येस’ म्हणतो.

(दृश्य : स्क्रीनभर पसरलेली खोटी पोलीस नोटीस. खाली पैसे भरायची चौकट.)

या चालीवर मोठा धंदा झाला. रशियात विनलॉक नावाचा ट्रोजन, म्हणजे साध्या प्रोग्रॅमच्या वेशात शिरणारं मालवेअर, स्क्रीन अडवायचा आणि सोडवण्यासाठी महागडा एसएमएस पाठवायला लावायचा. २०१० मध्ये त्या प्रकरणात अटका झाल्या. २०१२ मध्ये रेव्हेटॉन पसरला. त्याने पोलिसांचं सोंग घेतलं. देश बघून त्या देशाच्या पोलिसांचं चिन्ह लावायचा आणि ‘दंड भरा’ म्हणायचा. पैसे भरूनही अनेकांची स्क्रीन उघडली नाही.

(दृश्य : तीन बोटं, तीन कळा. स्क्रीन बदलते.)

आता हे नीट बघा. कंट्रोल, ऑल्ट, डिलीट. तिन्ही एकदम.

मघापासून मेल्यासारखा पडलेला बाण हलतोय. ही जोडी आयबीएमचे अभियंता डेव्हिड ब्रॅडली यांनी पीसी झटपट पुन्हा सुरू करता यावा म्हणून बसवली. १९९३ च्या विंडोज एनटीने तिला पहारेकरी केलं. या तीन कळा साध्या प्रोग्रॅमच्या हाती लागतच नाहीत, विंडोज त्या स्वतः घेतं. आणि जी स्क्रीन उघडते तो वेगळाच डेस्कटॉप असतो. आपल्या डेस्कटॉपवर लावलेला हूक तिथे पोचत नाही. इतकी मोलाची गोष्ट, पण संगणक शिकवताना ती सांगितली जात नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

चोरालाही हे माहीत आहे. बघा, चालू प्रोग्रॅम बंद करता येतात त्या टास्क मॅनेजरची ओळ त्याने गायब केलीय. २०२४ मध्ये दिसलेल्या एका प्रकारात तर सगळा कीबोर्ड अडवतही नाहीत. ब्राउझर पूर्ण स्क्रीनवर उघडतात, गूगलचं लॉगिन पान दाखवतात आणि बाहेर पडायच्या फक्त दोन कळा बंद पाडतात, एस्केप आणि एफ ११. वैतागून माणूस पासवर्ड टाकतो, तो ब्राउझरमध्ये साठतो आणि दुसरं मालवेअर तो उचलून नेतं. तिथे हेच तीन बोटांचं काम करायचं, पासवर्ड टाकायचा नाही.

(दृश्य : खालच्या कोपऱ्यातलं पॉवरचं चिन्ह.)

शिफ्ट दाबून धरायचं आणि रीस्टार्ट. निळा पडदा येतो. ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग स्टार्टअप सेटिंग्ज, पुन्हा रीस्टार्ट, आणि शेवटी ४ आकडा. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला विंडोजचं कुलूप, असेल तर त्याची किल्ली विचारली जाईल. हा झाला सेफ मोड. इथे विंडोज स्वतःपुरतं गरजेचं तेवढंच सुरू करतं, आमचा पाहुणा प्रोग्रॅम झोपलेलाच राहिला.

नम लॉक दाबतो. दिवा लागला.

फोल्डर उघडतो. फोटो, कागदपत्रं, सगळं जागच्या जागी. फायलीच कुलूपबंद करणारं मालवेअर वेगळं, त्याला हा उपाय पुरत नाही. इथे मात्र फक्त वाट अडवलेली होती. न साठवलेलं काम तेवढं गेलं. आता अँटिव्हायरसने पूर्ण तपासणी, आणि पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून.