भरलेल्या फोनचा पंचनामा

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

फोनमधील हरवलेली जागा शोधावी कशी, हे सांगण्याचे मी कबूल केले आहे. पण माझे मूळ गाऱ्हाणे आधी ऐकून घ्या. ज्या गोष्टी ठेवण्याचा निर्णय कोणी घेतलेलाच नसतो, त्यांनीच फोन भरतो. आणि जागा करायची वेळ आली की कुऱ्हाड मात्र आपण हौसेने जपलेल्या गोष्टींवर पडते.

आमच्या शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. जागा संपल्याची सूचना रोज झळकू लागली, तेव्हा सरांनी नातवाच्या बारशाचे फोटो एकेक करून, जड मनाने पुसले. जागा तसूभरही वाढली नाही, कारण ते फोटो गॅलरीच्या कचरापेटीत महिनाभराच्या मुक्कामाला गेले होते. दुकानदाराने निदान केले, की १२८ जीबीचा नवा फोन घ्यावा. दुकानदाराने दुसरे काय सांगावे! सुदैवाने सरांनी पैसे मोजण्यापूर्वी जुना फोन माझ्यापुढे ठेवला.

व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘मॅनेज स्टोरेज’ उघडले, तर सर्वांत वर सोसायटीचा गट निघाला. पाच एमबीहून मोठ्या फाइली आणि पुनःपुन्हा फॉरवर्ड झालेला ऐवज तेथे वेगळा काढून दाखवतात. सरांच्या खात्यावर तो बेसुमार होता. विसर्जनाचा व्हिडिओ त्यांनी स्वतः काढलेला, म्हणून मूळ प्रत कॅमेऱ्याच्या फोल्डरात. पण तो गटावर पाठवल्यामुळे दुसरी, दाबून लहान केलेली प्रत व्हॉट्सॲपच्या ‘सेंट’ फोल्डरात. बाकी सुप्रभात, सुविचार, गुलाबाची फुले. (पहिल्या रांगेतील काही मंडळी एकाएकी गंभीर झालेली दिसतात, मी नावे घेणार नाही.) ही चित्रे गॅलरीत दिसू नयेत अशी व्यवस्था मुलाने करून दिल्यामुळे ती फोनमध्ये येतच नाहीत, असा सरांचा समज होता. त्या सेटिंगने चित्रे नजरेआड होतात, एवढेच. जागा ती व्यापतातच.

फोनच्या डब्यावरील आकड्याबद्दलही एक तक्रार आहे. ६४ जीबी म्हणजे ६४ अब्ज बाइट. संगणकी रीतीने, म्हणजे हजाराऐवजी १०२४ च्या पटीत मोजल्यास ते सुमारे ५९.६ जीबी भरतात, आणि त्यातूनही ऑपरेटिंग सिस्टीम आपला वाटा आधीच उचलते. तो भाग आपल्याला रिकामा करता येत नाही.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे, तेव्हा उपाय भराभर सांगतो. प्रथम सेटिंग्जमधील ‘स्टोरेज’ उघडून जागा कशाने व्यापली आहे ते पाहावे. त्याआधी काहीही पुसू नये. मग गॅलरी आणि फाइल्स या दोन्ही ॲपमधील कचरापेट्या रिकाम्या कराव्यात. व्हॉट्सॲपचे आपोआप डाउनलोड मोबाइल डेटा आणि वायफाय दोहोंवर बंद करावे, नाहीतर आठवड्यात पुन्हा तेच. टेलिग्रामच्या साध्या चॅटमधील चित्रे त्यांच्या सर्व्हरवर राहतात, म्हणून तेथील कॅशे, म्हणजे ॲपने फोनमध्ये तात्पुरत्या साठवलेल्या प्रती, निर्धास्त पुसावी. व्हॉट्सॲपवरून आलेला जुना फोटो मात्र पुसल्यावर पुन्हा मिळेलच असे नाही, म्हणून हवा तो आधी दुसरीकडे उतरवावा. ‘फोन क्लीनर’ नावाची ॲप घेऊ नयेत, कारण तीही जागाच खातात. आणि ‘क्लिअर कॅशे’च्या शेजारचे ‘क्लिअर डेटा’ हे बटण व्हॉट्सॲपच्या बाबतीत बॅकअप घेतल्याखेरीज कोणीही दाबू नये, कारण त्याने सारे संभाषण जाते.